हॉकीच्या लीगले रोवणीचा कायदा

(दवनीवाडा. दुपार. घरासमोरच्या सपरीत सुशिलाबाई शिंगाडे सोलून राहिल्या. बाजूला त्यांची नातीन रुचिका, हातात मोबाईल.)

सुशिलाबाई — म्हंजे एकानंच सारे चांगले खेळाडू घेतले, तं बाकीच्यायनं काय त्याच्या तोंडाकडं पाहत बसाचं?

रुचिका — तेच तं झालं ना वो आजी मागच्या साली! ओमेशदादानं एकट्यानं सारे भारी खेळाडू उचलले. बाकीच्या सात टीमा दिवाळीपासून होळीपर्यंत नुसत्या हारल्या. म्हणून यंदा मले लीगची अध्यक्ष केलं. आज पाचच्या आत नवीन नियम पास झाला नाही, तं चार टीमा सोडून जाणार. लीग खतम.

सुशिलाबाई — आन खेळते कोन? तुमी तं कोनी जागचे हालत बी नाही.

रुचिका — खेळणारे तिकडं, अमेरिका-कॅनडात. बर्फावरची हॉकी. इंद्रकुमारदादा तिकडं नोकरीले गेला आन त्यानं आमाले नाद लावला. त्यायचे खेळाडू आमी मोबाईलवर आपल्या टीममंधी घेतो. त्यानं तिकडं गोल मारला का इकडं आमाले पॉइंट. पैशे-बिशे काही नाही.

सुशिलाबाई — चिखलात पाय त्यायचे आन धान तुमच्या कोठीत. बेस आहे.

रुचिका — ऐक ना! तिकडच्या टीमाले पगाराची मर्यादा रायते. साऱ्या खेळाडूंचा मिळून पगार ठरल्या आकड्याच्या वर गेला नाही पाहिजे. एक महागाचा घेतला तं बाकी स्वस्ताचे घ्या. तेच मी आपल्यात आणून राहिली. एका टीमले खेळाडू घ्याले शंभरच पॉइंट. तिकडं ज्याचा पगार जास्त, त्याची इथं किंमत जास्त.

सुशिलाबाई — हे तं मी नवरी होऊन आली तवापासून दवनीवाड्यात आहे.

रुचिका — हॉकी?

सुशिलाबाई — कायदा वो! बकाराम मालगुजार धानाची रोवणी लागली का पट्टीच्या साऱ्या बाया आपल्याच शेतात, आपल्याच बांधीत न्याचा. बाकीच्या गावाचे परे, धानाची रोपं, जागीच पिवळे पडत. अन् बाया बी कशा! माझी ननंद दुर्गेश्वरी, एकडाव खाली मान घालून रोवत निघाली ते शेताशेताचे धुरे ओलांडतच गेली. दिवस बुडता पायाखाली गार लागलं म्हणून मान वर केली, तं नवेगावच्या तलावात उभी!

रुचिका — आजी, नवेगाव बांध इथून किती दूर आहे!

सुशिलाबाई — म्हणून तं सांगतो, पट्टीची होती. मंग गावानं ठरवलं, एका घरी अशा दोनच बाया. बाकीच्या साध्या घ्या. आला पाह तुझा आतेभाऊ, ओमेश. गोंदियातून निघाला का इथपर्यंत हॉर्न वाजवतच येते.

ओमेश — पाया पडतो आजी. हां रुचिका, सीधी बात. तुझा नियम वाचला मी. शंभर म्हणजे शंभर. आपल्याले मंजूर. टाकू वोट?

रुचिका — खरंच? मले वाटलं तू भांडशील.

ओमेश — भांडू कायले? नियम बढिया आहे. पूर्ण बढिया. खालून वरतपर्यंत.

सुशिलाबाई — थांब गा. खालून कायले? खाली काय लिवलं आहे वो?

रुचिका — काही नाही, चौथा नियम. जखमी खेळाडू बाजूले ठेवला तं त्याचा पगार मोजाचा नाही. तिकडं बी सवलत आहे तशी.

सुशिलाबाई — तुयाकडं किती जखमी आहेत रे?

ओमेश — असतील... तीन.

सुशिलाबाई — उठणार कवा?

ओमेश — ते डॉक्टर जाने, आजी. फायनलपर्यंत होऊन जातील उभे.

रुचिका — दादा! म्हंजे सालभर त्यायचा पगार मोजाचा नाही, त्या जागेत आणखी तीन घ्याचे, आन फायनलले साही जण उतरवाचे?

ओमेश — मी नाही लिहिला ना नियम. तूच लिहिला.

सुशिलाबाई — बकारामनं हेच केलं होतं. दोनच बाया ठरल्या ना, तं म्हणे बाकीच्या सात माझ्याकडं तापानं पडल्या आहेत, कामाले नाही. मी पाहाले गेली. एकीच्या कपाळावर मी सोता तांदळाची भाकर भाजली, एवढा ताप! आन पाटाचं पानी बंद व्हाच्या दिवशी पाहतो तं काय, सातही लुगडं खोचून त्याच्या बांधीत. एका दिवसात त्याची रोवणी साफ.

रुचिका — मंग गावानं काय केलं?

सुशिलाबाई — शेवटच्या दिवशी खाटेवरची बाई बी मोजाची, असं ठरवलं.

रुचिका — थांब. लिहून राहिली मी. "फायनलले जखमीचाही पगार मोजला जाईल. पूर्ण टीम मिळून शंभरच." पाठवलं ग्रुपवर.

ओमेश — अरे! तिकडच्या नियमात—

रुचिका — तिकडचं तिकडं. इथं सात टीमा आहेत आन एक तू.

ओमेश — ठीक. मग तुझी मोज. तुझा गोलकीपर, गुडघा घेऊन बसला आहे तो. त्याले धरून किती?

रुचिका — थांब, मोजून राहिली.

ओमेश — बोल ना, अध्यक्ष.

रुचिका — एकशे नऊ.

ओमेश — फायनलले उतरवणार होती ना त्याले? तुझ्या डीपीले बी तोच आहे, तीन सालापासून. आता काय, अध्यक्षाले सूट?

सुशिलाबाई — दुर्गेश्वरीले आमी दुसऱ्याच्या बांधीत धाडलं होतं. मालगुजाराले सांगाच्या आधी. आमच्या घरी तीन होत्या ना पट्टीच्या.

ओमेश — आजी, खरं सांग. हे झालं होतं का काही?

सुशिलाबाई — भाकरीचं खोटं आहे. तलावाचं बी थोडं. ननंद गेली ते खरं. त्या साली आमची रोवणी आठ दिवस मागं पडली, आन सासू माझ्याशी दसऱ्यापर्यंत बोलली नाही.

रुचिका — काढला.

ओमेश — कोनाले?

रुचिका — गोलकीपरले. पाह ग्रुपवर. आता माझे अठ्ठ्याऐंशी.

ओमेश — ए, मी मजाक करून राहिलो होतो...

रुचिका — मी नाही. वोट पडून राहिले बघ. टीना, नंदलाल, गुड्डू... सात झाले. तुझाच राहिला.

ओमेश — टाकला. घे. आता तो गोलकीपर कोनाचाच नाही ना?

रुचिका — कोनाचाच नाही. ज्याच्याकडं जागा असल तो घेईल. तुयाकडं शंभरातले किती उरले?

ओमेश — दोन.

रुचिका — त्याचे एकवीस आहेत, दादा.