गेमबॉयमधला विक्रम

"मावशी, हा गेमबॉय तुमचा की तुमच्या मुलाचा?"

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत पुढे मुलासोबत उभ्या असलेल्या बाईंना मी हे विचारलं, कारण मी शाळेच्या संघाची कॅप्टन आणि मैत्रिणींनी पैज लावली होती. "विचारलंस तर खरी कॅप्टन! शाळा बदललीस की कॅप्टनपद जाणारच, तोवर मिरवून घे." शाळा बदलायची की नाही, तेच तर माझं ठरत नव्हतं.

"माझाच! हा माझा मुलगा जन्मायच्या आधीपासूनचा."

"आई, गावभर सांगत सुटू नकोस."

"का नको? हातातल्या गेम्सचा राजा आहे तो."

"कसला राजा? स्क्रीनला उजेडसुद्धा नाही! नंतरच्या पीएसपी गेमवर तर सिनेमेही दिसायचे. माझा नवा स्विच गेम तर टीव्हीला जोडता येतो."

"आणि तो सोफ्यावरून पडला की तू रडतोस. हा जिन्यावरून गडगडला, तरी खेळ चालूच!"

दुरुस्तीवाल्या काकांनी गेमची कॅसेट उघडली.

"ताई, आतला सेल संपत आलाय. बदलतो, पण यात साठवलेला तुमचा गुणांचा विक्रम पुसला जाईल."

"नको, काका!" मुलगाच ओरडला. "तो मला मोडायचाय! आई, तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पण विक्रम गेला तरी करणारी इथेच उभी आहे. बदला हो, दादा. संध्याकाळी नवा करते."

"आधी मी करणार!"

"ये की मैदानात!"

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आतच मी सांगून टाकलं, "आई, बाबा, मी नव्या शाळेत जाणार. कॅप्टन तिथेही होईन."