उन्हावर उजेडाचं औषध

...आणि वर ती डॉक्टरीण मलाच विचारते, "एवढी वर्षं उन्हात बसलात कशाला?" आता काय सांगायचं तिला? सुके बांगडे काय चांदण्यात वाळतात? तुम्हाला सांगतो, मला उन्हात बसायची हौस नव्हती हो, उन्हात बसणं हा माझा धंदा होता, कुणी बँकेत बसतो, कुणी पेढीवर बसतो, मी आचऱ्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीपाशी कावळे हाकलत बसायचो, आणि कावळे सावलीत येत नाहीत, ते मासळी जिथे असते तिथे येतात. पण हे सगळं तिच्यासमोर कोण बोलणार? ती म्हणाली, यापुढे ऊन बंद. मी म्हटलं, बरं.

थांबा, आधी माझं रूप सांगतो, मागे बसलेल्यांना दिसत नसेल. मी गुरुदास, जात दर्यावरची, आईबाप दोघेही सुक्या बांगड्याच्या रंगाचे, आणि त्यांच्या पोटी मी हा असा... केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, कातडी सोललेल्या उकड्या अंड्यासारखी. जन्मापासूनच कातडीत रंग नाही. गावाने नाव ठेवलं ‘सायब’. बरं, साहेब म्हणून एक दिवस कुणी खुर्ची दिली असेल तर शपथ! डोळेही अधू, लांबचं दिसत नाही, उजेडात तर डोळे उघडवत नाहीत. बापूस माझा, तुकाराम, गावातला पट्टीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, त्याने मला एकदा होडीवर नेऊन बघितलं आणि आईला येऊन सांगितलं, "ह्येका आभाळ खंय नि दर्यो खंय ता कळना नाय, ह्येका काठारच ऱ्हवांदे." म्हणून मी काठावर राहिलो. मी म्हटलं, बरं. काठावर काम काय? मासळी वाळवायची. म्हणजे ज्या पोराला ऊन सोसत नाही त्याला घराने उन्हातलं काम दिलं, आणि प्रेमाने दिलं हो, पोरगं बुडू नये म्हणून.

मग मी पुरता बाप्या झालो, लग्न झालं, तुळसा घरात आली. ही माझी बायको, रंगाने काळी कुळकुळीत, आम्ही दोघं बाजारातून चाललो की लोक वळून बघायचे. ती बांगडे पसरायची, मी उलटायचो, ती गोलमा झाडायची, गोलमा म्हणजे तुमचा सुका जवळा हो, मी कावळे हाकलायचो. तर दोन हजार आठ सालच्या थंडीत माझ्या नाकावर आणि कपाळावर खरबरीत चट्टे आले. मुशीच्या, म्हणजे तुमच्या शार्कच्या, कातडीवरनं उलटा हात फिरवून बघितलाय कधी? नसेल बघितला तर बघू नका, सोलवटून निघेल. तस्सं. खपली धरायची, मी खाजवायचो, रक्त यायचं, परत खपली धरायची. तुळसा म्हणायची दाखवा, मी म्हणायचो दाखवतो. सगळ्या गावाने बघितलं, डॉक्टर सोडून. एकाने सांगितलं खोबरेल लाव, एकीने सांगितलं ओली हळद लाव, एकाने देवळातला अंगारा आणून दिला, आणि मी सगळ्यांना म्हटलं बरं, आणि सगळं लावलं. तेल, हळद, अंगारा... तळायचा तेवढा बाकी राहिलो.

शेवटी तुळसाने मला हाताला धरून कणकवलीच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी चष्मा वर करून बघितलं, चष्मा खाली करून बघितलं आणि गोव्याला धाडलं, पणजीला, सुनीती मॅडमकडे, तीच ती मघाची डॉक्टरीण. बाई हुशार, बोलणं मऊ. त्यांनी नाकाचा इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला गेलो तर कागद बाजूला ठेवून त्या नीट समोर बसल्या. डॉक्टर नीट समोर बसले की समजायचं, कागदात काहीतरी आहे.

म्हणाल्या, "गुरुदास, हा कॅन्सर नाही. पण असाच सोडला तर उद्या होऊ शकतो. तुमच्या कातडीत ऊन थोपवणारा रंगच नाही, त्यामुळे सगळं ऊन आत गेलंय."

कॅन्सर हा शब्द ऐकला आणि पुढचं ‘नाही’ मला ऐकूच आलं नाही. तुळसाला आलं. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं सुन्न झाली. मी विचारलं, कापणार का? तर म्हणाल्या, नको, चट्टे बरेच आहेत, कापत बसलो तर नाक राहायचं नाही, आपण लाइट देऊ. लाइट? म्हणजे एक मलम लावायचं, ते बिघडलेल्या कातडीत जाऊन मुरतं, मग त्यावर लाल उजेड पाडायचा, की बिघडलेली तेवढी जळते आणि चांगली राहते. आता तुम्हीच सांगा, उन्हाने वाट लागली, आणि औषध काय, तर उजेड! पण माझं डोकं ते केवढं आणि त्यांचं शिक्षण ते केवढं. मी म्हटलं, बरं.

ठरल्या दिवशी सकाळी मलम लावलं, वरून चांदीसारखा चकचकीत कागद लावला, पट्टी बांधली आणि मुरायला बसवून ठेवलं. दोन-तीन तास! आम्ही बांगड्याला मीठ लावून ठेवतो ना, तसं. आता कळलं बांगड्याला काय वाटत असेल. मग आत नेलं, पट्टी आणि कागद काढला, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि लावला तो दिवा... नर्स म्हणाली होती, थोडं चुरचुरेल. थोडं? अहो, टोपलीभर कुर्ल्या नाकावर सोडल्या आणि सगळ्यांनी एकदम नांग्या मारल्या असं वाटलं! ती बिचारी पंखा धरत होती, थंड पाण्याचा फवारा मारत होती, आणि विचारत होती, काका, थांबवू का? मी म्हटलं, नको, चालू दे. कारण बाहेर बाकड्यावर तुळसा बसली होती, आणि दिवा मध्येच बंद झाला तर ती भलतंच काहीतरी समजेल, एवढंच डोक्यात होतं.

झालं एकदाचं, परत पट्टी बांधली. मॅडमनी बजावलं, दोन दिवस या तोंडाला ऊन सोडाच, लख्ख उजेडही लागता कामा नये, मलम अजून आत आहे, कातडी भाजून निघेल. मी म्हटलं, बरं. आणि आम्हाला जायचं कुठे? आचऱ्याला. संध्याकाळच्या गाडीने मालवणात उतरलो तर पुढे आचऱ्याची गाडी मिळत नाही, म्हणजे दुपारचीच धरायची, भर उन्हातली. मग तुळसाने पट्टीवर पंचा गुंडाळला, पंच्यावर आपली काळी शाल टाकली आणि वर छत्री उघडली. एसटीत, छत्री! कंडक्टर म्हणाला मिटा, तुळसा म्हणाली मिटणार नाही. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं, घोवाक काय झाला? तुळसा म्हणाली, लाईट दिली. म्हातारीला वाटलं विजेचा शॉक बसला. तिने पुढे सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढे सांगितलं, आणि अख्खी गाडी मला शॉकवरचे उपाय सांगायला लागली, एकजण म्हणाला पाय मातीत पुरा. शालीच्या आतून मी सगळ्यांना म्हणतोय, बरं... बरं...

तेवढ्यात हद्दीवरचा नाका आला. गोव्यातून बाटल्या येतात म्हणून तिथे गाडी तपासतात, हे तुम्हाला माहीतच आहे, सगळे कसे निष्पाप चेहरे करून बसतात! साहेब आत चढले आणि त्यांना काय दिसलं? शेवटच्या बाकावर छत्रीखाली काळ्या शालीत गुंडाळलेलं एक बोचकं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही थांबलो असतो. म्हणाले, शाल काढा. तुळसा उभी राहिली. आयुष्यात कधी पोलीसपाटलासमोरही मान वर न केलेली बाई, ती म्हणाली, "सायबानू, काढूची नाय. उजेड लागलो तर ह्येंचा तॉंड जळतला. कॅन्सर होव नये म्हणान केलेला आसा."

पण काम तर साहेबांना करायचंच होतं. मग ती शॉकवाली म्हातारी उठली आणि तिने आपला पदर खिडकीला धरला, शेजारच्याने टॉवेल धरला, कुणी पेपर धरला, कंडक्टरने स्वतः छत्री आडवी धरली, आणि त्या अंधारात साहेबांनी शाल जरा वर करून आत बघितलं. लगेच खाली सोडली. आणि हळू आवाजात विचारलं, "दुखतंय का फार?"

सकाळपासून सगळ्यांना बरं, बरं म्हणत होतो मी. तेवढ्या वेळी बरं म्हणता आलं नाही. म्हटलं, "होय." आणि रडलो, शालीच्या आत, पट्टी ओली होईस्तोवर.

घरी मागच्या खोलीत दोन दिवस दार लावून पडून होतो. बाहेर लख्ख ऊन, मासळी पसरलेली आणि तुळसा एकटी. ती कावळ्यांवर ओरडायची ते आत ऐकू यायचं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून... एका माणसाचं काम नाही हो ते. दुसऱ्या दिवशी मला राहवेना, उठून दारापर्यंत गेलो, कडीला हात घातला, तर बाहेरून तिने दार धरून ठेवलं. म्हणाली, "तुमीच गेलात तर ह्या उनाचा मी काय करू?" मी परत जाऊन पडलो.

खपल्या धरल्या, गळल्या, खालून नवी कातडी आली. मॅडम म्हणाल्या, नाक-कपाळ छान, पण दर काही महिन्यांनी दाखवायचं, आणि डाव्या कानावर एक नवा चट्टा दिसतोय, तिथे परत लाइट द्यावी लागेल. म्हणजे परत मलम, परत कुर्ल्या, परत छत्री. मी म्हटलं, बरं. किनाऱ्यावरचं काम सुटलं, आता मोठी टोपी घालून मांडवाखाली बसतो आणि सुकी मासळी विकतो. तुळसा उन्हात, मी सावलीत. बघवत नाही, पण बघतो.

आणि परवा काय झालं... शेजारची अक्षदा आली, सावळी, गोड पोर, नुकतंच लग्न ठरलंय. इकडेतिकडे बघितलं, माझ्या नव्या कातडीकडे निरखून बघितलं आणि कानाशी येऊन म्हणते, "काकानू, ती लाईट खंय मारून गावता? माका लग्नाच्या आधी जरा गोरी होवची आसा."

मी म्हटलं, "माझो गोरेपणा घेवन जा गो बाय, होयो तितको. पिशयी आणलंस?"