एक दिवसाआडची गोळी

रक्त देऊन कापूस दाबून बसलेल्या वैभवीच्या मागच्या बाकावर भिवापूरचे मायलेक होते. लेकाच्या हातात लॅबचा रिपोर्ट होता.

“वाच ना गा, ऋषिकेश. गोळी बदलून राहिले काय?”

“थांब. तुह्या रक्तात काविळीचे विषाणू वाढून राहिले होते. ते या गोळीले जुमानत नसतील, असं डॉक्टरले वाटलं, म्हणून लॅबनं तपासले.”

“मग?”

“ते तं या गोळीनं मरतात, असं लिहिलं आहे.”

“देव पावला. चाल, बस भेटन.”

“बस खाली, आई. गोळीनं मरतात, तं तुह्या अंगात काहून वाढून राहिले? रोज घेतं ना?”

“डबी तं महिन्याले रिकामी होते.”

“मी ते नाही विचारलं.”

वैभवीने मागे वळून पाहिलं नाही.

“एक दिवसाआड घेतो,” आई म्हणाली. “उरलेल्या सोनिकाले पाठवतो, तिखटाच्या डब्यात दाबून.”

“ताईले? काहून?”

“तिले ही कावीळ माह्यापासूनच आली. तिच्या सासरी कोणालेच माहीत नाही.”

“आई, तिले नववा लागला आहे.”

“म्हणून तं पाठवतो.”

“अर्ध्या गोळ्यांनं तिच्याही रक्तात वाढून राहिले असतील. बाळंतपणाच्या आधी तिच्या डॉक्टरले समजलं नाही, तं लेकरालेही होईन. आत्ताच फोन लाव.”

पिशवीची चेन वाजली. मग ती पुन्हा बंद होताना वाजली.

“लाव ना, आई.”

“फोन तिची सासू उचलते गा.”