थुंकलेला घोट

मियाउआत्लानच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी मेस्कालची, म्हणजे घायपाताच्या दारूची भट्टी चालवणारे एलादिओकाका, त्यांच्या पलीकडे त्यांच्याच गावची फिदेन्सिया.

“काका, राजधानीचा तो चव पारखणारा तुमच्याकडे येऊन गेला म्हणे?” फिदेन्सियाने विचारलं.

“आला ना. नातीच्या लग्नासाठी पुरून ठेवलेलं काढलं त्याच्यासाठी. बारा वर्षांचं घायपात, मातीच्या हंड्यातून गाळलेलं.”

“मग?”

“तोंडात घेतलं, खुळखुळवलं आणि भांड्यात थुंकला!”

“अगंबाई! आधी भुईला चार थेंब तरी दिले का?”

“कुठले! मग माझंही डोकं सटकलं. म्हटलं, थुंकायचंच आहे तर चांगलं कशाला वाया घालवू? गुडघ्याला चोळायच्या दारूचा कॅन आणला.”

“तो? साप बुडवून ठेवलेला?”

“तोच. डोळे मिटून घोट गिळला की गं त्याने! वर आणखी मागितलं. म्हणाला, यात तुमच्या पूर्वजांचा आत्मा उतरलाय.”

“पूर्वजांचा कसला, सापाचा! तुम्ही सांगितलं नाहीत?”

“सांगणार होतो. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं?”

“आणि लग्नाचं?”

“ते म्हणे अजून कच्चं आहे. कॅन मात्र अख्खा घेऊन गेला.”

“जाऊ दे, लग्नाचं तरी वाचलं. पण आज तुम्ही इथे कशाला?”

“गुडघे गं. घरात आता फक्त लग्नाचं उरलंय. ते काय गुडघ्याला चोळू?”