दोन्ही हातांचा रामराम

आखाडा बाळापूरला मोटार पाणी घ्यायला थांबली होती. माझ्या पुढच्या बाकावर द्वारकाबाई महिन्याची नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मोटार हाकणाऱ्या तातेरावांना त्यांनी हाक मारली.

"तातेराव, मघा मोटार नालीकडं काहून गेली?"

"सासरे बांधावर हुते, मावशी. त्यायनं रामराम घातला, म्या बी घातला."

"दोन्ही हात सोडून?"

"मग? सासऱ्याला एका हातानं रामराम घालतेत व्हय?"

"हे लेकरू मांडीवरून उडालं असतं म्हंजे?"

"वीस साल बैलगाडी हाकली, मावशी. कंदी पलटी न्हाई झाली."

"तुमी रामराम घालत हुते तवा बैल रस्ता बघत हुते. मोटारीला डोळे हायेत का?"

"दिवे हायेत."

"दिव्याला दिसतं व्हय?"

"न्हाई. पण हात न्हाई जोडले तर लोक म्हनतेन, मोटार मिळाली अन् तात्या माजला."

"तुमी चाक सोडू नका. तुमच्या वाटचा रामराम म्या घालते."

मोटार निघाली. गावाबाहेर कुणीतरी हात जोडले.

"पुढं बघा, तातेराव! घातला म्या."

"कोन हुतं, मावशी?"

"तुमाला काय करायचंय? पुढं बघा."