कुरडयांची संरक्षण परिषद

बंडोपंत : ...म्हणून म्हणतो, जवळ या. अनुसये, सूप राहू दे, सरक इकडं. गोदाबाई, तुम्हीही. अशी गोष्ट सांगतो, की मीनाक्षीच्या रुखवताच्या कुरडया वाचल्याच समजा.

अनुसया : लवकर सांगा काकाजी. बेस्तरवारी लेकीचं लगन, लामत्याहून सोयरे येऊन राह्यले, अन् काल वांदरायनं दोन सुपं कुरडया नेल्या. उरलेल्याले अजून दोन दिवस ऊन पायजे.

बंडोपंत : माझ्या टीव्हीचा अँटेनाही वाकवलाय, तो विसरू नका! तर गोंदियाच्या गाडीनं आलेल्या पेपरात वाचलं. तिकडं सोळा देश एका टेबलाभोवती बसतात. करार काय? एकावर हल्ला म्हणजे सोळांवर हल्ला!

गोदाबाई : अन् सोळा जणांचा चहा कोण करते जी?

बंडोपंत : ते पेपरात नव्हतं. आपली तीन घरं म्हणजे तीन राष्ट्रं. अनुसये, तू पायदळ. काठी घे.

अनुसया : अन् तुमी?

बंडोपंत : मी सल्लामसलत. इथंच, छत्रीखाली. गोदाबाई, तुमचं घर पिंपळाला लागून. शत्रू आधी तुम्हालाच दिसणार. इशारा द्यायला काही आहे?

अनुसया : मावशी, तुमच्या महागूबाबांची झांज आहे न! कीर्तनात वाजवत ते.

गोदाबाई : आणली आहे मी, वांदरायसाठीच. पण जी, एक सांगाचं होतं—

बंडोपंत : हरकती शेवटी! आधी सराव. वाजवा!

(झांज खणखणते. पिंपळावरून वानरं धडाधड गच्चीवर उतरतात.)

अनुसया : अवो माय! हाड! हाड! काकाजी, छत्री मारा!

बंडोपंत : छत्री त्यानंच नेली!

अनुसया : गेलं, एक सूप गेलं! मावशी, थांबा वो! वाजवता तसे अजून येऊन राह्यले!

गोदाबाई : तेच तं सांगत होती. शनिवारी कीर्तन झालं, का आमचे हे पारावर झांज वाजवून फुटाणे टाकत. ह्यायले जाऊन दोन वर्सं झाले. पण वांदरं विसरले नाही.

बंडोपंत : म्हणजे शत्रूला जेवायचं बोलावणं! आणि हे मित्रराष्ट्रांपासून लपवलंत?

गोदाबाई : तुमी बोलू देसान तवा न! अन् शत्रू कायचे? रावणानं रामाच्या दूताची शेपटी पेटवली, लंका जळली. पाट मांडून दोन घास वाढले असते, तं सोन्याचं गाव राह्यलं असतं. बुवा कीर्तनात दरवर्षी सांगत. तुमी पुढंच बसत होते न, डुलक्या घेत?

अनुसया : मंग मावशी, झांज पारावर नेऊन वाजवा न! फुटाणे माह्याकडचे. तीन सुपं तरी वाचतीन.

गोदाबाई : हौ, चालली. कुरडया वाळेपर्यंत बसते तिथंच. दोन अभंग म्हणणं होते.

बंडोपंत : थांबा, ठराव तरी लिहू द्या...

अनुसया : गेल्या पण त्या! वाजली पाहा झांज. अन् हे निंगाले सारे, एकामागं एक, वरातीवाणी! काकाजी, तुमची छत्री पण वरातीत.

बंडोपंत : लिही. सल्लामसलतीनं सैन्य माघारी गेलं.

अनुसया : मावशीइ! ऐकू येते का? लग्नात तुमाले लुगडं घेतो वो!

गोदाबाई : लुगडं नको, माय! पहिली कुरडई तळशीन, तं ह्यायची आठवण काढजो. नाव घेऊन काढजो. मले घेता येत नाही.