एकशे चाळीस सेंटिमीटर अलीकडे

अधिकारी : ...तर मंगळवार, चौदा मार्च, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. शेवटचं स्टेशन, फलाट एक. गाडी थांबायच्या खुणेच्या अलीकडे थांबली. आठ दिवसांतली तिसरी वेळ. बरोबर लिहिलंय ना, सर?

चालक : सर म्हणू नकोस. आज तू तपासणारी, मी तपासला जाणारा.

अधिकारी : गाडी चालवायला तुम्हीच शिकवलंत. ते काही अहवाल लिहिल्याने पुसलं जात नाही. पुढे सांगा.

चालक : फलाटाची काचेची दारं एकीकडे, डब्यांची दारं दुसरीकडे. एकही उघडता येईना. गाडी पुढे सरकवायची परवानगी येईपर्यंत चाळीस सेकंद गेले. एका गृहस्थांनी माझ्या केबिनवर टकटक करून विचारलं, शेवटचं स्टेशन आलं म्हणता, मग आम्हाला काय इथेच ठेवून घेणार?

अधिकारी : तीन चुकांनंतर नियमाप्रमाणे केबिन सुटते.

चालक : म्हणून हा अर्ज. निवृत्तीला सात महिने उरलेत, ते टेबलावर काढीन. तू काढून घेण्याआधी मीच देतो. इथे पुढे रूळ नाहीत, भिंत आहे. आज अलीकडे थांबलो, उद्या पलीकडे गेलो तर? डोळ्यांचा भरवसा उरला नाही.

अधिकारी : डॉक्टर काय म्हणाले?

चालक : नंबर तोच आहे, घरी जा म्हणाले. घरी सांगितलं, तर ही म्हणते, बरं झालं, आता दोन घास गरम तरी खाल. पण दवाखान्यातली अक्षरं जागच्या जागी असतात. माझ्यासमोर फलाट धावत येतो.

अधिकारी : अर्ज क्षणभर राहू द्या. पहिल्यांदा एकशे चाळीस सेंटिमीटर कमी पडले. दुसऱ्यांदा एकशे अडतीस. आज एकशे एक्केचाळीस.

चालक : चूक ती चूक.

अधिकारी : डोळे गेलेला माणूस इतका नेमका चुकत नाही, सर. या आठ दिवसांत फलाट एकवर तुमची गाडी किती वेळा लागली?

चालक : तीनदाच. बाकीच्या फेऱ्या दोनवर लागल्या.

अधिकारी : म्हणजे इथे प्रत्येक वेळी, आणि इतरत्र एकदाही नाही.

मावशी : पाय उचला जरा. पुसतेय, दिसत नाही का?

अधिकारी : मावशी, तुम्ही रोज हा फलाट पुसता. गेल्या आठवड्यात इथे काही बदललं का?

मावशी : बदलायला काय, झाडू तोच आणि मीही तीच. माझं कपाट तेवढं हलवलं सहा तारखेला. मागचा पाइप गळतो म्हणाले. दोघांनी ढकललं आणि गेले निघून. आता दार पुरतं उघडत नाही, बादली तिरकी करून काढावी लागते. ते काय, ते निळं. आधी होतं तिथे लादीवर चौकोन राहिलाय. किती घासला, जात नाही.

(अधिकारी चौकोनाच्या कडेपासून कपाटाच्या त्याच कडेपर्यंत टेप लावते.)

मावशी : किती भरलं?

अधिकारी : एकशे चाळीस. गाडी येते त्या बाजूला.

चालक : त्याची कडी. खिडकीत ती कडी आली की हात आपोआप ब्रेकवर... एकोणीस वर्षं. आणि मी समजत होतो, खुणेचा फलक बघून थांबतोय.

अधिकारी : मी एकदा दुकानाच्या दिव्याकडे बघून गाडी थांबवली होती. सगळ्या वर्गापुढे विचारलंत, दिवा गेला तर तू कुठे जाशील?

चालक : फार लागलं होतं का ते?

अधिकारी : लागलं. म्हणून फलक सोडून कशाकडे बघितलं नाही.

मावशी : म्हणजे माझ्या कपाटापायी यांची केबिन चालली होती? आधी कळलं असतं तर हातसुद्धा लावू दिला नसता.

चालक : कपाटाचा काय दोष, मावशी? हलणाऱ्या वस्तूवर मी विसंबलो. लिही गं, चूक माझीच.

अधिकारी : लिहिणारच. पण डोळ्यांची नाही, सवयीची. ती मोडते का, ते बघू. पुढची फेरी रिकाम्या गाडीची आहे, ती इथे एकवर घेऊ. मी तुमच्याजवळ उभी राहीन. तीस सेंटिमीटरच्या आत थांबलात, तर केबिन तुमची. नाहीतर अर्ज माझ्याकडे.

मावशी : कपाटावर चादर टाकू का?

चालक : नको. दिसू दे. दिसलं तरी बघायचं नाही, एवढंच तर जमायला हवं.

*

चालक : बोगदा संपला. फलाट आला. कपाट दिसतंय.

अधिकारी : मी काही बोलणार नाही.

चालक : बोलूच नकोस. कडी आली. आली आणि गेली. हात ब्रेककडे ओढत होता, पण गेली. आता फलक... झालं. थांबली. उतर तू. मी इथेच बसतो.

अधिकारी : मावशी, टेपचं हे टोक खुणेवर धरा. घट्ट.

मावशी : धरलंय. काय ते लवकर सांगा, ते बघा कसे बसलेत आत.

अधिकारी : चार सेंटिमीटर.